दर दहा ओळींमागे एक

अनुभवी प्रोग्रॅमर कोड लिहितो तेव्हा साधारण दर दहा ओळींमागे एक चूक त्याच्या हातून आत जाते. म्हणजे हजार ओळींना शंभर. हा आकडा नवशिक्यांचा नाही. वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या माणसांनी स्वतः ठेवलेल्या नोंदींवरून वॉट्स हम्फ्री यांनी तो मांडला. त्यातल्या जवळपास निम्म्या चुका कम्पायलर पकडतो. बाकीच्या पुढे सरकतात. काही रिव्ह्यूत सापडतात, बऱ्याच टेस्टिंगमध्ये, आणि ज्या तिथूनही निसटतात त्या कुणाच्या तरी पगारपत्रकात, विम्याच्या हप्त्यात, बँकेच्या व्याजात उगवतात. पुण्यात जवळजवळ तीस वर्षं मी या धंद्यात आहे, आधी कोड लिहिणारी म्हणून आणि नंतर बराच काळ क्वालिटी विभागात. या काळात प्रोग्रॅमिंगच्या भाषा बदलल्या, मशिनं बदलली, काचेच्या इमारती हिंजवडीच्या पलीकडे गेल्या. माझं काम मात्र या एका आकड्याभोवती फिरत राहिलं. तो ज्यांनी दिला त्या माणसाबद्दल सविस्तर लिहावं असं फार दिवस मनात होतं.

हम्फ्रींचा जन्म १९२७चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीकचा. डिस्लेक्सियामुळे ते पहिलीत नापास झाले होते. ज्या माणसाने पुढे एकामागून एक जाडजूड पुस्तकं लिहिली त्याला अक्षरं लावायलाच इतका त्रास झाला होता, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटत आलं आहे. आपल्याला काय जमत नाही याची भिडेशिवाय नोंद ठेवायची आणि त्यावर उपाय शोधायचा, ही सवय त्यांच्यात कदाचित तिथूनच रुजली असावी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते नौदलात होते. नंतर शिकागोत भौतिकशास्त्र शिकले, त्यावर एमबीए केलं. १९५९मध्ये ते आयबीएममध्ये गेले आणि १९८६पर्यंत तिथेच राहिले.

आयबीएममधली त्यांची एक गोष्ट मी नव्या मुलांना आवर्जून सांगते. १९६०च्या दशकाच्या मध्यावर कंपनीने सिस्टिम/३६० हे मशीन बाजारात आणलं होतं, आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिता लिहिता सगळ्यांची दमछाक झाली होती. तारखा एकामागून एक चुकत होत्या. अशा वेळी प्रोग्रॅमिंगची सूत्रं हम्फ्रींकडे आली. सात देशांत पंधरा प्रयोगशाळा आणि सुमारे चार हजार इंजिनिअर. त्यांनी प्रयोगशाळांमध्ये जाऊन एकच गोष्ट मागितली : तुमची योजना दाखवा. लेखी म्हणावी अशी योजना जवळपास कुणाकडेच नव्हती. योजना केली तर काम बरं होईल हे सगळ्यांना मान्य होतं, पण कोड पोचवायच्या घाईत योजनेला वेळ कुठे, असं उत्तर मिळालं.

हम्फ्री वरिष्ठांकडे गेले आणि त्यांनी सगळ्या जाहीर तारखा थांबवायला लावल्या. ज्या कामाची योजना नाही त्याची घोषणा होणार नाही, ते ग्राहकाला पोचणार नाही, त्याला पैसाही मिळणार नाही. प्रत्येक गटाने स्वतःची योजना स्वतः करायची आणि मगच तारीख द्यायची. नव्या तारखा अर्थातच पूर्वीपेक्षा लांबच्या निघाल्या. ग्राहकांपुढे जाऊन ते सांगणं सोपं नव्हतं. पण पुढची अडीच वर्षं एकही तारीख चुकली नाही, असं हम्फ्रींनी लिहून ठेवलं आहे.

या गोष्टीत हुशार माणसं नव्याने घेतली नाहीत, नवी भाषा आणली नाही, कुणाला जादा वेळ बसवलं नाही. फक्त तारीख कुणी द्यायची हे बदललं. जो काम करणार तो तारीख देणार. इतकं साधं असूनही ते किती कठीण आहे हे मी आमच्याकडे पाहिलं. सन २०००च्या आधीच्या दोन-तीन वर्षांत कोबोलमधल्या दोन आकडी वर्षांची दुरुस्ती करायचं काम पुण्या-मुंबईत धो धो येत होतं. तारीख क्लायंटच्या देशातून यायची, ती तशीच्या तशी भिंतीवरच्या तक्त्यात चढायची आणि मग त्या तारखेपासून उलटं मोजत प्रत्येकाच्या वाट्याला दिवस यायचे. ज्या मुलीला तीनशे प्रोग्रॅम तपासायचे आहेत तिला कुणी विचारायचं नाही, की बाई गं, एका प्रोग्रॅमला तुला किती वेळ लागतो? तिच्याकडेही उत्तर नसायचं, कारण तशी नोंद तिने कधी ठेवलेली नसायची. दोन्ही बाजूंनी अंधार. मला वाटतं, या धंद्यातली निम्मी जागरणं या एका गोष्टीतून आली आहेत.

आयबीएममधून निवृत्त झाल्यावर, साठीच्या उंबरठ्यावर, हम्फ्री पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर ही संस्था १९८४मध्ये सुरू झाली होती. खात्याची अडचण व्यावहारिक होती : कोट्यवधी डॉलरचं सॉफ्टवेअर बाहेरून लिहून घ्यायचं, तर कोणत्या कंत्राटदाराच्या अंगात ते करण्याची ताकद आहे हे कसं ओळखायचं? १९८७मध्ये हम्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी एक पद्धत मांडली. तिच्यातूनच पुढे सीएमएम हे पाच पातळ्यांचं प्रारूप आकाराला आलं. गुणवत्तेच्या क्षेत्रात फिलिप क्रॉस्बी यांनी परिपक्वतेच्या पाच टप्प्यांचा तक्ता आधी मांडलेला होता, त्याचा यात मोठा वाटा. पहिल्या पातळीवर सगळं माणसांच्या धडपडीवर चालतं. दुसरीवर प्रकल्पाची योजना होते आणि तिच्याशी ताळा घातला जातो. तिसरीवर साऱ्या संस्थेची कामाची एक ठरलेली पद्धत असते, चौथीवर ती आकड्यांनी मोजली जाते आणि पाचवीवर चुकीच्या मुळाशी जाऊन पद्धतच सुधारली जाते.

पाचवी पातळी म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर ह्यूस्टनमधल्या आयबीएमच्या गटाकडे पाहावं. स्पेस शटलवरचं सॉफ्टवेअर या गटाने लिहिलं. सुमारे ४ लाख २० हजार ओळींचा तो प्रोग्रॅम. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या त्याच्या शेवटच्या तीन आवृत्त्यांमध्ये प्रत्येकी एकच चूक निघाली होती. ती माणसं अलौकिक नव्हती. संध्याकाळी वेळेवर घरी जाणारी, शांतपणे काम करणारी माणसं होती. चूक सापडली की ती दुरुस्त करून ते थांबत नसत. ती आत आली कुठून, आधीच्या तपासणीतून निसटली कशी आणि तशीच दुसरी कुठे बसली आहे का, हे तिन्ही प्रश्न सोडवूनच पुढे जात.

आणि मग ही लाट आपल्याकडे आली. बंगळूरमधलं मोटोरोलाचं केंद्र नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातच पाचव्या पातळीला पोचलं होतं. दशक संपता संपता भारतीय कंपन्यांची रांग लागली आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला जगातल्या पाचव्या पातळीच्या संस्थांपैकी निम्म्याहून अधिक भारतात होत्या. २०००मध्ये चेन्नईत एका संस्थेला हम्फ्रींचं नावही दिलं गेलं. दूरच्या देशातला क्लायंट आपल्याला ओळखत नव्हता, आपलं ऑफिस त्याने पाहिलेलं नव्हतं. त्याच्यापुढे ठेवायला एक प्रमाणपत्र हवं होतं आणि ते सीएमएमने दिलं. मुळात कंत्राटदार निवडण्यासाठीच जन्मलेली गोष्ट कंत्राट मिळवण्यासाठी वापरली गेली, यात नवल नाही.

मी त्या काळात एका कंपनीच्या क्वालिटी विभागात होते. असेसमेंटच्या आधीचे आठवडे मला लख्ख आठवतात. फायली काढल्या जात, राहिलेले रिव्ह्यूचे तक्ते भरले जात, मागच्या तारखा घालून सह्या होत. लोकांना क्वालिटी पॉलिसी पाठ करायला लावत, असेसरने विचारलं तर अडखळायला नको म्हणून. असेसर गेले की फायली पुन्हा कपाटात. कागदावरची संस्था आणि प्रत्यक्षातली संस्था अशा दोन संस्था एकाच छताखाली नांदत होत्या. याचा मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो, कारण त्या तक्त्यांमध्ये खरं ज्ञान दडलेलं असतं. मागची तारीख घालून भरलेला तक्ता म्हणजे वाया गेलेला अनुभव.

तरीही सीएमएमचा सगळा व्यवहार दिखाऊ होता असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. या पद्धतीमुळे नवख्या माणसाला उभं राहायला जागा मिळाली. सोलापूर, सातारा, अकोल्याहून आलेली, इंग्रजी बोलताना जरा बिचकणारी मुलगी दहा वर्षांच्या अनुभवी माणसाला विचारू शकायची, की सर, या बदलाचा रिव्ह्यू कुठे नोंदवलाय? रिक्वायरमेंट बदलली त्याची मंजुरी कुणाची? तिला आवाज चढवावा लागत नव्हता आणि सरांनाही अपमान वाटत नव्हता, कारण हा प्रश्न तिचा नसून पद्धतीचा होता. कोडची कोणती आवृत्ती कुणाकडे गेली हे ठामपणे सांगता येणं, रिलीजच्या आदल्या रात्री कुणी गुपचूप बदल न करणं, हे आज गृहीत धरतात. तेव्हा ते नव्हतं. तेवढी शिस्त या धंद्यात आली ती बऱ्याच अंशी त्या फायलींमुळेच.

हम्फ्रींना स्वतःलाही संस्थेची पातळी ठरवून समाधान झालेलं नव्हतं. संस्थेने पद्धत ठरवली तरी कोड शेवटी एकटा माणूस लिहितो. मग पाचव्या पातळीची शिस्त एका माणसाच्या कामाला लावली तर काय होईल? हे पाहायला त्यांनी दुसऱ्या कुणाला राबवलं नाही. १९८९पासून साधारण तीन वर्षं ते स्वतः प्रोग्रॅम लिहीत बसले. पास्कल, ऑब्जेक्ट पास्कल आणि सी प्लस प्लसमध्ये ६२ प्रोग्रॅम, सुमारे २५ हजार ओळी. प्रत्येक मिनिटाची आणि प्रत्येक चुकीची नोंद. हजारो इंजिनिअरांचा कारभार पाहिलेला हा माणूस तेव्हा साठी ओलांडलेला होता. त्यातून पीएसपी, म्हणजे पर्सनल सॉफ्टवेअर प्रोसेस, तयार झालं आणि १९९५मध्ये त्यावरचं पुस्तक आलं.

पीएसपीचा अभ्यास मी कंपनीबाहेर, मैत्रिणींचा एक गट जमवून केला. दहा छोटे प्रोग्रॅम लिहायचे असतात. पहिला अगदी सरळ : लिंक्ड लिस्टमध्ये आकडे ठेवून त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढायचं. पुढे कोडच्या ओळी मोजणारा, मग रेषीय समाश्रयण, मग सिम्पसनच्या नियमाने क्षेत्रफळ. प्रोग्रॅम अवघड नसतात, नोंद अवघड असते. सुरू केल्याची वेळ, थांबल्याची वेळ, मधे फोन आला तर तो वेळ वजा. सापडलेल्या प्रत्येक चुकीचा प्रकार, ती कोणत्या टप्प्यात आत आली, कोणत्या टप्प्यात सापडली, दुरुस्तीला किती मिनिटं लागली. चुकांच्या प्रकारांना दहापासून शंभरपर्यंत क्रमांक दिलेले असतात : वीस म्हणजे व्याकरणाची चूक, पन्नास म्हणजे दोन भागांच्या जोडणीतली, ऐंशी म्हणजे तर्काची. सुरुवातीला हा सगळा जाच वाटतो. चौथ्या-पाचव्या प्रोग्रॅमनंतर तक्त्यातून आपला स्वभाव दिसायला लागतो. माझ्या चुका लूपच्या टोकांवर आणि तारखांच्या हिशेबात गोळा झालेल्या होत्या, तर शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या जवळपास सगळ्या फंक्शनला पाठवलेल्या पॅरामीटरच्या क्रमात. दोघी एकाच कॉलेजात शिकलेल्या, एकच भाषा वापरणाऱ्या, आणि चुकांचे ठसे इतके वेगळे.

म्हणून रिव्ह्यूची चेकलिस्ट प्रत्येकाची स्वतःची असावी लागते. आमच्या कंपनीत तेव्हा चाळीस मुद्द्यांची एकच चेकलिस्ट होती, ती सगळे टिकमार्क करून जोडायचे आणि तिच्यात काही सापडायचं नाही. हम्फ्रींच्या पद्धतीत चेकलिस्ट आपल्या नोंदींतून उगवते. ज्या चुका मी खरोखर करते त्याच तिच्यात, आणि ज्या मुद्द्यावर महिनोन्महिने काही सापडत नाही तो खोडून टाकायचा. कोड तासाला दोनशे ओळींहून जलद वाचायचा नाही, आणि तो लिहायला जितका वेळ लागला त्याच्या निम्मा तरी वाचायला द्यायचा. टेस्टिंगच्या आधी. तांदूळ निवडायचे ते चुलीवर चढवण्याआधी. आपल्याच रिव्ह्यूत सापडलेली चूक दोन-पाच मिनिटांत जाते. तीच सिस्टिम टेस्टपर्यंत पोचली तर तिच्यामागे दिवस जातो, आणि तो दिवस कोणता असेल हे आधी सांगता येत नाही. हम्फ्रींचा सगळा जोर इथे आहे. वेळापत्रक कोसळतं ते बहुतेक वेळा टेस्टिंगमध्ये, कारण आत किती चुका पाठवल्या हे कुणालाच ठाऊक नसतं. गुणवत्ता पुढे ढकलून तारीख सांभाळता येईल हा हिशेबच उलटा आहे.

त्यांचा एक आग्रह मात्र आज जुना झाला आहे, असं माझं मत. कम्पाइल करण्याआधी कोड वाचा, असं ते सांगत. आता एडिटरच टंकताना लाल रेघ ओढतो. व्याकरणाच्या चुकांसाठी माणसाचे डोळे खर्च करण्यात अर्थ राहिलेला नाही. पण तर्काची चूक आणि जोडणीची चूक लाल रेघेखाली येत नाही, आणि त्यांच्यासाठी वाचनाला पर्याय मला अजून दिसलेला नाही.

पीएसपीत एक अट आहे जी मोडली की सगळं मोडतं. नोंद ज्याची त्याची असते. वरिष्ठांना टीमची बेरीज दाखवायची, एकेका माणसाचे आकडे नाहीत. एका कंपनीत एका वरिष्ठांना हे पटलं नाही. इतकी सुंदर माहिती जमते आहे, तर ती अप्रेझलला का लावू नये, असं त्यांचं म्हणणं. लावली. पुढच्याच तिमाहीत सगळ्यांच्या चुका निम्म्यावर आल्या. टेस्टिंगला सापडणाऱ्या चुका मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. लोकांनी चुका करणं थांबवलं नव्हतं, लिहिणं थांबवलं होतं. मी त्या बैठकीत दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ भांडले. निर्णय फिरला, पण विश्वास परत यायला वर्षाहून अधिक लागलं. ज्या मुलांनी एकदा आकडा लपवायला शिकून घेतलं ती सहजासहजी उघडपणे लिहीत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष मला दिसत नाही.

एकट्या माणसाची शिस्त टिकत नाही हे हम्फ्रींनाही कळलं होतं. प्रशिक्षण घेऊन परत गेलेली मंडळी थोड्याच दिवसांत नोंदी सोडून देत, कारण आजूबाजूला कुणालाच त्यांची गरज नसे. म्हणून त्यांनी १९९६च्या सुमारास टीएसपी, टीमसाठीची पद्धत, आणली. काम सुरू होताना टीम चार दिवस एकत्र बसते, स्वतःच्या जुन्या नोंदींवरून स्वतः योजना करते आणि शेवटच्या दिवशी ती व्यवस्थापनापुढे ठेवते. मागितलेली तारीख शक्य नसेल तर तसं आकड्यांनिशी सांगते, आणि कोणतं काम कमी केलं तर ती जमेल तेही सांगते. मी अशा एका बैठकीत बसले आहे. जेमतेम चार वर्षं नोकरी झालेला एक मुलगा व्हाइस प्रेसिडेंटना ठामपणे नाही म्हणाला, आणि समोरच्यांनी तक्ता पाहून मान डोलावली.

हम्फ्री २०१०मध्ये गेले. त्याआधी अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना मिळालं. पीएसपी आज फार थोडे लोक करतात. दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटच्या धबडग्यात मिनिटांची नोंद कालबाह्य वाटते. आता तर कोड मशिनच लिहून देतं. आमच्या टीममधला एक मुलगा दुपारपर्यंत हजार ओळी घेऊन येतो आणि त्या चालतातही. मी त्याला इतकंच विचारते, की वाचल्यास किती? तासाला दोनशेच्या हिशेबाने हजार ओळींना पाच तास लागतात. म्हणून आम्ही असं ठरवलं आहे, की एका दिवसात जितकं वाचून होईल तितकंच मशिनकडून मागायचं. यावर कुरकुर होते. वेग कमी होतो असं काहींचं म्हणणं आहे. मी त्यांना दोन्ही पद्धतींच्या नोंदी ठेवायला सांगितल्या आहेत.

सध्या आमच्यात वाद आहे तो चूक आत कुणी घातली या रकान्याचा. मुलांना तिथे ‘मशिन’ असा नवा पर्याय हवा आहे. मी तो दिला, कारण मशिनच्या चुकांचाही ठसा वेगळा असणार आणि चेकलिस्टसाठी तो कळायला हवा. पण त्याच्या शेजारी आणखी एक रकाना वाढवला : तो कोड वाचून स्वीकारला कुणी. तिथे माणसाचंच नाव लागतं, आणि ती नोंद पूर्वीसारखीच त्याच्या स्वतःकडे राहते.